विश्लेषण : आठवड्यातून किती दिवस वजने उचलावीत? आणि स्नायूंना विश्रांती कधी द्यावी?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये डंबेल मोकळे सापडत नाही. फेब्रुवारी उजाडला की गर्दी ओसरू लागते. सोडून जाणाऱ्यांपैकी अनेकांची गोष्ट सारखीच असते. पहिल्याच आठवड्यात सहा दिवस, रोज दीड तास व्यायाम. मग अंग आखडते, खांदा धरतो, जिना उतरताना मांड्या थरथरतात आणि ‘हे आपले काम नाही’ असे ठरवून सगळेच थांबते. दुसऱ्या टोकाला मोठा वर्ग असा आहे की जो सकाळी फिरायला जातो, पण स्नायूंना ओझ्याची सवय कधीच लावत नाही. ताकदीच्या व्यायामाला आठवड्यातले दोन ते तीन दिवस पुरतात, हे दोन्ही वर्गांना ठाऊक नसते. मात्र त्या दिवसांत जोर खरोखर लागला पाहिजे आणि मधल्या दिवसांत स्नायूंना सावरायला वेळ मिळाला पाहिजे. हा हिशेब नेमका कसा मांडायचा, याविषयी…

ताकदीचा व्यायाम म्हणजे काय?

स्नायूंना नेहमीपेक्षा जास्त विरोध सोसायला लावणारा कोणताही व्यायाम म्हणजे स्ट्रेंथ ट्रेनिंग. त्यासाठी जिम लागतेच असे नाही. डंबेल, बारबेल आणि यंत्रे ही त्याची साधने आहेतच, पण जोर, बैठका, ताणायचे रबरी पट्टे, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन किंवा पुस्तकांनी भरलेली पाठीवरची पिशवी यांनीही तेच काम होते. अट एवढीच की सेटच्या शेवटी स्नायू दमले पाहिजेत. दहा बैठका काढल्यावर आणखी वीस सहज निघणार असतील, तर तो ताकदीचा व्यायाम उरत नाही. आणखी दोन किंवा तीनच निघतील असे वाटत असेल, तर ओझे बरोबर आहे.

या शास्त्राची आधुनिक सुरुवात रुग्णालयात झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी दुबळ्या झालेल्या पायांना वजन उचलायला लावले आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दहा-दहा आवर्तनांचे सेट जगभर रूढ होण्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

जागतिक आरोग्य संघटना काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. १८ ते ६४ वयोगटासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, म्हणजे भरभर चालणे, सायकल चालवणे वगैरे, किंवा ७५ ते १५० मिनिटे दमवणारा व्यायाम असे प्रमाण त्यात आहे. एवढेच वाचून अनेक जण थांबतात. पण त्याच सूचनांत पुढे म्हटले आहे की, आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकट करणारा व्यायाम हवा. चालण्याने ही दुसरी अट पूर्ण होत नाही.

६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सुचवला आहे. उतारवयातले पडणे टाळावे, हा त्याचा हेतू. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये खेळाडू आणि निरोगी प्रौढांसाठी दिलेली विभागणीही उपयोगी आहे. तीत नवख्यांना दोन ते तीन दिवस, काही महिने नियमित सराव झालेल्यांना तीन ते चार आणि बरीच वर्षे मुरलेल्यांना चार ते पाच दिवस सुचवले आहेत.

स्नायू वाढतो तरी कधी?

वजन उचलताना स्नायू वाढत नाही, उलट त्या वेळी तो थकतो. त्यातील साठवलेली साखर खर्च होते, तंतूंवर ताण येतो आणि सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजाही होते. हा ताण शरीरासाठी निरोप असतो. पुढच्या वेळी असेच ओझे येईल, तयारी करा, असे तो सांगतो. तयारीचे काम नंतर चालते. अन्नातून आलेल्या प्रथिनांपासून नवी प्रथिने बांधली जातात आणि तंतू थोडे जाड, थोडे बळकट होतात.

हे बांधकाम किती वेळ चालते, याचे मोजमाप कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. जड वजनाने दंडाचा व्यायाम केलेल्या तरुणांत स्नायूंतील प्रथिननिर्मिती चार तासांनी सुमारे ५० टक्के, तर २४ तासांनी दुपटीहून अधिक वाढलेली आढळली. ३६ तासांच्या सुमारास ती जवळपास पूर्वपदावर आली होती. इतर अभ्यासांत, विशेषतः सराव नसलेल्या व्यक्तींत, हा काळ ४८ तासांपर्यंत दिसला आहे.

दोन व्यायामांत ४८ तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला याच्याशी जुळतो. सोमवारी पायांचा कसून व्यायाम झाला असेल, तर पायांची पुढची पाळी बुधवारी किंवा गुरुवारी यावी. फार जड व्यायाम, जास्त वय किंवा नवा व्यायामप्रकार असेल, तर ७२ तासही लागू शकतात. मात्र हे अंतर त्या-त्या स्नायूपुरते असते. पाय विश्रांती घेत असताना छाती-खांद्यांचा व्यायाम करायला हरकत नाही.

दोन दिवस बरे की सहा दिवस?

जिममध्ये सर्वाधिक वाद या प्रश्नावर झडतो. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय अशी विभागणी करून आठवड्यातून एकदाच प्रत्येक स्नायू ‘फोडायचा’, ही शरीरसौष्ठवपटूंकडून आलेली पद्धत. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात आठवड्यातून एकदा व्यायाम दिलेल्या स्नायूंपेक्षा दोनदा व्यायाम दिलेले स्नायू अधिक वाढल्याचे दिसले.

त्याच गटाने २०१९ मध्ये अधिक अभ्यास हाताशी घेऊन प्रश्न पुन्हा तपासला. आठवड्यातील एकूण सेटची संख्या सारखी ठेवली, तर ते सेट किती दिवसांत वाटले याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असे या वेळी आढळले. म्हणजे आठवडाभराची बेरीज महत्त्वाची असते आणि दिवसांची संख्या ही ती बेरीज गाठण्याची सोय असते.

मग बेरीज किती असावी? याच संशोधकांच्या २०१७ च्या विश्लेषणात एका स्नायूसाठी आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांच्या तुलनेत दहा किंवा अधिक सेट करणाऱ्यांची वाढ जास्त होती. पण नवख्याला दहापासून सुरुवात करण्याची गरज नाही. पहिल्या काही महिन्यांत चार-पाच सेटनेही ताकद वाढते. कारण सुरुवातीला मेंदू आणि मज्जासंस्था असलेलेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतात. आकार नंतर बदलतो.

दहा सेट एकाच दिवशी करायचे म्हटले, तर शेवटचे सेट थकव्यामुळे ढिले पडतात. तेच दोन दिवसांत पाच-पाच केले, तर प्रत्येक सेट जोमाने होतो. आठवड्यातून दोनदा ही सूचना एवढ्या साध्या कारणावर उभी आहे. नोकरी, लोकलचा प्रवास, मुलांच्या शाळा हे सगळे सांभाळणाऱ्याला सहा दिवसांचा कार्यक्रम क्वचितच पेलतो. त्यातले दोन दिवस हुकले की संपूर्ण वेळापत्रक कोसळते. तीन दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस हुकला, तरी दोन उरतात.

जास्त केल्याने आयुष्य वाढते का?

ताकदीचा व्यायाम आणि मृत्यूचा धोका यांच्या संबंधावरील अभ्यास जपानमधील संशोधकांनी २०२२ मध्ये एकत्र तपासले. असा व्यायाम करणाऱ्यांत एकूण मृत्यू, हृदयविकार आणि कर्करोग यांचा धोका १० ते २० टक्के कमी आढळला. आठवड्याला साधारण ३० ते ६० मिनिटांपर्यंत हा फायदा सर्वाधिक होता. त्यापुढे वेळ वाढवल्याने तो वाढत गेल्याचे दिसले नाही. हे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही अर्ध्या तासाचे दोन वार आरोग्यासाठी नगण्य नाहीत, एवढे त्यातून नक्की कळते. स्पर्धेसाठी किंवा शरीरसौष्ठवासाठी मेहनत करणाऱ्यांचे उद्दिष्ट वेगळे असते आणि त्यांचा हिशेबही वेगळा असतो.

भारतीयांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी असा हा भारतीय बांधा आहे. वजनकाट्याला तो दिसत नाही.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते कमी असतील आणि आळसावलेले असतील, तर साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागातून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मधुमेहींना चालण्याबरोबरच आठवड्यातून दोन ते तीन दिवस, सलग न येणाऱ्या दिवशी, ताकदीचा व्यायाम करायला सांगते. मात्र इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या सुरू असतील, तर व्यायामाच्या आधी आणि नंतर साखर तपासण्याबाबत डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पैलवान तर रोज मेहनत करतात, मग?

तालमीत पहाटे उठून रोज शेकडो जोर-बैठका काढणारी परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. तिच्याकडे बोट दाखवून विश्रांतीची गरज नाकारली जाते. पण त्या दिनक्रमाकडे नीट पाहिले, तर विश्रांती तिथेही ठासून भरलेली दिसते. मेहनतीनंतर मालिश, खुराक, दुपारची झोप आणि संध्याकाळी पुन्हा माती, असा तो दिवस असतो. कोवळ्या वयापासून वर्षानुवर्षे वाढवत नेलेली ती सवय आहे. शिवाय स्वतःच्या वजनाचे शेकडो जोर आणि कमाल ताकदीच्या जवळ जाणारे बारबेल, हे वेगवेगळे ताण आहेत. पहिल्यात दमसास अधिक घडतो. दुसऱ्यात स्नायू, सांधे आणि कंडरांवर थोड्या वेळात मोठा भार येतो.

आठ तास खुर्चीत बसणाऱ्याने पैलवानाची मेहनत उचलायची आणि खुराक व झोप सोडून द्यायची, हे जमणारे गणित नाही. याउलट पोती वाहणारे हमाल, ऊस तोडणारे मजूर किंवा गणेशोत्सवाआधी कमरेला ढोल बांधून तासन्‌तास सराव करणारे तरुण यांच्या शरीराला रोजच ओझे असते. त्यांनी व्यायामाचे दिवस ठरवताना हे श्रमही हिशेबात धरायला हवेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनाही हेच लागू पडते. मैदानी चाचणीत धावणे आणि गोळाफेक असते. वेगाने धावण्याच्या सरावाच्या आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम केला, तर धावण्याची वेळ बिघडते आणि मांडीमागचा स्नायू दुखावण्याची शक्यता वाढते. दोन्ही एकाच दिवशी, आधी धावणे आणि नंतर वजने असे केले, तर पुढचा दिवस मोकळा मिळतो.

दोन सेटमध्ये किती थांबावे?

विश्रांती जशी दोन दिवसांमध्ये लागते, तशी दोन सेटमध्येही लागते. घाम न सुकू देता एकामागून एक सेट मारणे म्हणजे खरी मेहनत, असा समज आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सराव असलेल्या तरुणांचे दोन गट केले गेले. एक गट सेटमध्ये एक मिनिट थांबला, दुसरा तीन मिनिटे. आठ आठवड्यांनी तीन मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंची जाडी अधिक वाढली होती.

बैठका, डेडलिफ्ट, बेंच प्रेस अशा मोठ्या स्नायूंच्या व्यायामात दोन ते तीन मिनिटे आणि दंडासारख्या छोट्या स्नायूंच्या व्यायामात एक ते दीड मिनिट हे सोयीचे प्रमाण आहे. मात्र या तीन मिनिटांत मोबाइल उघडला, की त्याची दहा मिनिटे होतात. घड्याळ लावलेले बरे.

अंग दुखत असेल तर व्यायाम करावा का?

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते आणि आपोआप उतरते. लॅक्टिक आम्ल साचल्याने ते होते, ही जुनी समजूत चुकीची आहे. व्यायामात वाढलेले लॅक्टेट तासाभरात रक्तातून ओसरते. दुखणे येते ते तंतूंवरील अनोळखी ताण आणि त्यानंतरची सूज यांमुळे. वजन सावकाश खाली आणताना, उतारावरून चालताना ते अधिक जाणवते. तोच व्यायाम पुन्हा केला की पुढच्या वेळी ते बरेच कमी होते. म्हणून अंग दुखले नाही तर व्यायाम फुकट गेला, असे मानण्याचे कारण नाही.

दुखणे सौम्य असेल, दोन्ही बाजूंना सारखे असेल आणि हालचाल केल्यावर मोकळे वाटत असेल, तर हलका व्यायाम चालतो. दुखणे सांध्यात असेल, एकाच बाजूला असेल, टोचल्यासारखे असेल, सूज असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल, तर तो भाग थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. ताप असताना व्यायाम नको. डेंग्यूसारख्या आजारातून उठल्यावर डॉक्टरांना विचारून, आधीच्या निम्म्याहून कमी वजनाने सुरुवात करावी.

विश्रांतीच्या दिवशी काय करावे?

विश्रांती म्हणजे दिवसभर सोफ्यावर पडून राहणे नव्हे. चालणे, हलकी सायकल, पोहणे, योगासने, घरातली कामे हे सगळे चालते. ज्याने दम लागत नाही आणि पुढच्या व्यायामाची ताकद कमी होत नाही, ते विश्रांतीत बसते. आठवड्यातला एक दिवस तरी ठरवून कोणत्याही कष्टाच्या व्यायामाविना असावा.

समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेले बर्फाच्या पाण्यातील स्नान मात्र जपून करावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात, वजने उचलल्यानंतर लगेच थंड पाण्यात बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायू, हलका व्यायाम करून थांबणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. लागोपाठ सामने खेळणाऱ्या खेळाडूला त्याने तात्पुरता आराम वाटू शकतो. पण स्नायू कमावणे हा हेतू असेल, तर ते सोयीचे नाही.

झोप आणि आहाराचे काय?

झोपेला पर्याय नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक संपूर्ण रात्र जागवलेल्या तरुण-तरुणींच्या स्नायूंतील प्रथिननिर्मिती १८ टक्क्यांनी घटलेली आढळली. रात्रपाळी, परीक्षा, तान्हे बाळ यांमुळे झोप मोडली असेल, तर त्या दिवशी वजन कमी करावे किंवा व्यायाम दुसऱ्या दिवसावर ढकलावा. तो आळस मानू नये.

प्रथिनांची भारतीय प्रौढांसाठीची शिफारस रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ६० किलोच्या व्यक्तीला ती सुमारे ५० ग्रॅम पडते. वजने उचलणाऱ्यांना अधिकची गरज असू शकते, पण २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना जादा फायदा दिसला नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, एका पेला दुधात सहा ते सात ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, सोयाबीन, मासे यांतून बहुतेकांची गरज भागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

अति झाल्याची लक्षणे कोणती?

नेहमीचे वजन अचानक जड वाटू लागणे, सकाळी उठताच नाडीचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले असणे, झोप न लागणे, चिडचिड, भूक मंदावणे, वारंवार सर्दी-खोकला, स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे ही विश्रांती अपुरी पडत असल्याची चिन्हे असू शकतात. सुरुवातीला ओळखले तर काही दिवसांच्या आरामात शरीर सावरते. तसेच रेटत राहिले, तर पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. ही लक्षणे थायरॉइड, रक्तक्षय किंवा इतर आजारांचीही असतात. त्यामुळे आठवडाभर विश्रांती घेऊनही फरक पडला नाही, तर तपासणी करावी.

एक धोका मात्र तातडीचा आहे. सवय नसताना अचानक प्रचंड व्यायाम केल्यास स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकतात. याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. असह्य दुखणे, स्नायू सुजणे आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी ही त्याची लक्षणे. उन्हाळा आणि कमी पाणी यांनी धोका वाढतो. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन घरी पडून राहू नये, थेट रुग्णालय गाठावे. दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी ‘शंभर बैठकांचे आव्हान’ घेणे याच कारणाने घातक ठरते.

साठीनंतर सुरुवात करता येते का?

तिशीनंतर दर दशकात साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, की ही घट जाणवते. हात छातीशी घडी करून खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार शारीरिक क्षमता कमी मानली जाते. ही चाचणी घरी, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर आणि शेजारी कोणी असताना करता येते.

अशी घट थोपवता येते, याचा गाजलेला पुरावा बोस्टनमधील आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वृद्ध सेवागृहातील सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठवड्यातून तीन दिवस मांड्यांचा जड व्यायाम दिला गेला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद आठ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात हा व्यायाम देखरेखीखाली झाला होता. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. वजन उचलताना श्वास रोखू नये. जोर लावताना श्वास सोडावा.

खंड पडला तर सगळे वाया जाते का?

लग्नसराई, दिवाळी, परीक्षा, आजारपण यांत दोन-तीन आठवडे निघून जातात. एवढ्या काळात ताकद फारशी उतरत नाही. स्नायू किंचित सपाट वाटतात, कारण त्यातील साठवलेली साखर आणि पाणी घटते. ते परत येते. कमावलेले टिकवायला मेहनतही कमी लागते. २०११ च्या एका अभ्यासात आठवड्याला तीन दिवस व्यायाम करून कमावलेले स्नायू तरुणांनी पुढे ३२ आठवडे, आठवड्यातून एकाच दिवसाच्या व्यायामावर टिकवले. साठीपुढच्यांची ताकद बरीचशी टिकली, पण स्नायूंचा आकार टिकवायला तेवढे पुरले नाही. म्हणजे व्यग्र महिन्यात एक दिवस उरला, तर तो सोडू नये. आणि वय जितके जास्त, तितका तो एक दिवस दोन करण्याचा प्रयत्न व्हावा.

नवख्याचा आठवडा कसा असावा?

सोमवार आणि गुरुवार, किंवा सोमवार-बुधवार-शुक्रवार असे दिवस धरावेत. प्रत्येक दिवशी संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. बैठक किंवा खुर्चीतून उठणे, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, वजन कमरेकडे ओढणे, वजन डोक्यावर उचलणे आणि पोटासाठी प्लँक असे पाच प्रकार पुरतात. पहिले दोन आठवडे प्रत्येकी एक सेट, नंतर दोन, मग तीन. एका सेटमध्ये आठ ते बारा आवर्तने, प्लँक मात्र १५ ते ३० सेकंद. ठरवलेल्यापेक्षा एक-दोन आवर्तने जास्त निघू लागली, की वजन दोन ते दहा टक्क्यांनी वाढवावे. पाच-दहा मिनिटे अंग गरम करण्यासह हे सगळे ४० मिनिटांत आटोपते. मधल्या दिवशी चालणे. रविवार मोकळा.

वहीत किंवा मोबाइलमध्ये तारीख, वजन आणि आवर्तने नोंदवावीत. दोन-तीन आठवडे आकडे वर सरकत असतील, तर व्यायाम आणि विश्रांतीचे प्रमाण जुळले आहे. आकडे खाली येत असतील, तर आणखी एक दिवस जिमला जाण्याऐवजी एक दिवस कमी करून पाहावा.